चाचांचं इस्पितळ

मी त्यांना चाचा म्हणायची आणि ते मला वैनी म्हणायचे. चाचाची वैनी कशी काय होते, असं माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना विचारलं होतं. चाचांनी बराच वेळ विचार केला, बोटांवर काहीतरी जुळवून पाहिलं आणि म्हणाले, "तुमी मधी नका पडू." तेव्हापासून ते नातं तसंच चालू राहिलं.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी पेण सोडून आखातातल्या एका राजधानीत जाऊन राहिले होते. पेणला माझं ब्लाउज शिवायचं काम बरं चाललं होतं. तिकडे मला काहीच काम नव्हतं. खिडकीतून पार्किंग दिसायचं, ते बघत बसायची. एका सुट्टीच्या दिवशी मी कडव्या वालांचं बिरडं टाकलं. आमच्या स्वयंपाकघराला मागच्या जिन्याकडे उघडणारं एक दार होतं. कचरा न्यायचा तो जिना. ते दार आम्ही कधी उघडलंच नव्हतं, आणि नेमकी त्याच दारावर थाप पडली.

दारात एक उंच, वाळका माणूस उभा. मेंदी लावलेली दाढी, अंगात काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट. माझ्या मनात आलं, कुणी वारलंय की काय.

"बिरडं हाय ना?" त्याने विचारलं.

"हो. आपण कोण?"

"रोहा."

मी गोंधळले. नाव विचारलं तर गाव सांगतोय. पण माझ्याही तोंडून निघून गेलं, "पेण."

"मंग घरचंच हाय," असं म्हणून ते आत आले आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच त्यांनी वाटीभर बिरडं खाल्लं. नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. तो आत आला तेव्हा चाचा वाटी विसळत होते.

पुढे कितीतरी महिने ते खालच्या मजल्यावरून आमच्याकडे आले, पण पुढच्या दाराने एकदाही आले नाहीत. मी कारण विचारायची आणि ते दर वेळी वेगळं सांगायचे. पुढे चपला काढाव्या लागतात. पुढची घंटा कर्कश आहे. पुढल्या दाराने आलेल्या माणसाला चहा लवकर मिळत नाही. त्यातलं खरं कुठलं, हे मी कधी ठरवू शकले नाही. बँकेत गेले तरी मागचं दार शोधायचे. एकदा त्या नादात बँकेच्या जनरेटरच्या खोलीत अडकले होते.

शिवणकाम येतं म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी ते मला कामाला घेऊन गेले. काम कुठे, तर ऑपेरा हाऊसमध्ये. मला ऑपेरा हाऊस म्हणजे मुंबईतला एक बसस्टॉप एवढंच ठाऊक. इथे पाहते तर डोंगराएवढी पांढरी संगमरवरी इमारत, कमानी, कारंजी. आम्ही त्या सगळ्याला वळसा घालून मागे गेलो आणि ट्रक लागतात तिथल्या दारातून आत शिरलो.

आतलं ते पहिलं दर्शन मला अजून नीट लावता येत नाही. लांबच लांब बोळ, दोन्हीकडे नंबर घातलेल्या खोल्या, दारांवर लाल दिवे. चाकांच्या ढकलगाड्यांवरून काय काय इकडून तिकडे चाललेलं. एक लिफ्ट तर एवढी मोठी की तिच्यात आमचा पेणचा फ्लॅट मावला असता. तिच्यात आठ माणसं एक झाड धरून उभी होती. पुढे एक जिना लागला. मी आपली चढायला लागले, तर चाचांनी मागून ओढलं. "वैनी, तो कुठं जात नाय." खरंच, सात-आठ पायऱ्यांनंतर तो संपला होता, पलीकडे नुसती हवा. एका कोपऱ्यात आभाळ गुंडाळून ठेवलं होतं, दुसऱ्या कोपऱ्यात राजवाड्याची भिंत पाठ करून उभी होती आणि तिच्या पाठीवर नुसत्या फळ्या आणि खिळे. सगळीकडे प्लास्टरचा आणि ओल्या रंगाचा वास. माझं माहेर जोह्याचं, गणपतीच्या कारखान्यातलं. त्या वासाने मला एकदम बरं वाटलं आणि त्याचबरोबर आपण नक्की कुठे आलोय तेही कळेनासं झालं.

मला वेशभूषेच्या खात्यात घेतलं. तिथली प्रमुख गोव्याची, वयस्क. तिला सगळे आंटी म्हणत. चाचांकडे प्रॉपर्टी होती. म्हणजे नाटकात लागणारी हरेक हातातली वस्तू: तलवारी, पेले, पत्रं, फुलं, मेणबत्त्या. विंगेत काळं कापड घातलेलं त्यांचं लांब टेबल असायचं. अंधारात दिसू नये म्हणून विंगेतली माणसंही काळ्याच कपड्यांत; चाचांच्या काळ्या शर्टाचा उलगडा मला तेव्हा झाला. कोण कुठल्या विंगेतून जाणार आणि जाताना हातात काय घेणार, सगळं त्या टेबलावर मांडलेलं. टेबलाच्या कडेला पाण्याच्या बाटल्या आणि नॅपकिन. हे मेलेल्यांसाठी. त्या नाटकांत शेवटी कुणी ना कुणी मरायचंच, आणि पडदा पडला की मेलेला माणूस उठून पहिला चाचांकडे यायचा.

"मेल्यावर लय तहान लागते, वैनी," ते गंभीरपणे सांगायचे. "खोटं वाटतं तर इचारा कुनालापन."

चाचा जगातल्या कुठल्याही माणसाशी मराठीतच बोलायचे. इटलीहून आलेला संगीत-दिग्दर्शक असो की रशियातली गाणारी असो, हे त्यांना म्हणायचे, "काय बाबा, जेवलास का?" आणि तो इटलीवाला पोटावर हात फिरवून मान हलवायचा. आंटी सहा भाषा बोलायची, तिचं म्हणणं कुणाला पटकन कळायचं नाही. चाचांचं कळायचं. हे कसं, ते मला विचारू नका.

एकदा नाटकात मेजवानीचा प्रवेश होता. ताटात प्लास्टरची कोंबडी, थर्मोकोलचा पाव. चाचांना ते बघवेना. पहिल्या प्रयोगाला त्यांनी घरून तांदळाच्या भाकऱ्या करून आणल्या आणि प्लास्टरच्या कोंबडीभोवती मांडून ठेवल्या. राजा झालेला जाडा गायक गाता गाता उगाच एक तुकडा तोंडात टाकायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की हे खरं आहे. मग त्याने दुसरा टाकला. तिसऱ्याला त्याची गाण्याची ओळ चुकली. नंतर दिग्दर्शक विंगेत येऊन केवढ्याने तरी ओरडला. चाचा शांतपणे म्हणाले, "अरे, मानूस भुकेला व्हता." दुसऱ्या दिवशी तो राजा स्वतः प्रॉपर्टीच्या टेबलापाशी येऊन काहीतरी शोधत होता.

दुसरं एक आठवतं. एका नाटकात परदेशी देवाचा मोठा पुतळा होता, आणताना त्याचा चेहरा खरवडला गेला. रंगाऱ्यांना वेळ नव्हता. चाचांनी मला धरून नेलं. "तुमी जोह्याच्या. काढा डोळे." मी म्हटलं, मला गणपतीचे येतात. ते म्हणाले, "डोळे ते डोळे." मी काढले. त्या सबंध नाटकात तो परकी, दाढीवाला देव सगळ्यांकडे गणपतीसारखा प्रेमाने बघत होता, आणि त्याच्या पायाशी एकमेकांचे खून पडत होते. कुणी तक्रार केली नाही. मीच दर वेळी गोंधळून जायची.

पण सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे चाचांनी ऑपेरा कधी बघितलाच नव्हता. विंगेत त्यांचं एक स्टूल होतं. प्रयोग चालू झाला की ते रंगमंचाकडे पाठ करून त्यावर बसायचे. गाणं ऐकू यायचं, टेबलावरचा इशाऱ्याचा छोटा दिवा लागला की उठून हव्या त्या माणसाच्या हातात हवी ती वस्तू द्यायचे आणि पुन्हा पाठ करून बसायचे. आणि गंमत अशी की प्रत्येक नाटकाची गोष्ट तेच आम्हाला सांगायचे. मी गाउनला हूक लावत असताना मला कुजबुजत सांगायचे, "ही बाई खांब गावची. हायवेला हिच्या बापाचं हाटेल हाय. तो जाडा हाय ना, तो ट्रकवाला. कोचीनला जातो बोलला नि आलाच नाय. ही आता त्याच्यासाठी गाते."

"मग हा दुसरा कोण, काठीवाला?"

"तो जिते गावचा. टेशनजवळ ऱ्हातो. वाईट नाय मानूस. मगर हिला तो नको."

मी बरेच महिने हे खरं धरून चालले होते. पुढे आंटीने मला त्याच नाटकाची खरी गोष्ट सांगितली. ती कुठल्याशा राणीची होती, त्यात प्रधान होता, फितुरी होती. मला ती लक्षातच राहिली नाही. आजही ते गाणं कानावर पडलं की मला खांबचं हॉटेल दिसतं.

घरचं विचारलं की मात्र चाचांचं बोलणं तुटक व्हायचं. बायको रोह्याला, एवढं कळलं होतं. मुलाबाळांचं विचारलं तर म्हणायचे, "एक पोरगी," आणि उठून काहीतरी पुसायला लागायचे. आहे का होती, सासरी का माहेरी, काही पत्ता लागायचा नाही. मीही मग विचारणं सोडलं.

एक दिवस ते मागच्या दाराने आले आणि चहा न घेता ओट्याला टेकून उभे राहिले.

"वैनी, ती येते."

"कोण?"

"घरवाली. विजिटवर. भावानं तिकीट काढलं."

"मग चांगलंच आहे की!"

"तिचा गुडगा दुखतो. बोलते, तुमच्या इस्पितळात दाखवू."

"कुठल्या इस्पितळात?"

तेव्हा मला कळलं. गल्फला आले तेव्हा चाचा खरोखरच एका मोठ्या इस्पितळात, औषधांच्या स्टोअरमध्ये कामाला होते. ऑपेरा हाऊस उघडलं तेव्हा तिथे माणसं हवी होती, म्हणून हे तिकडे गेले. पण घरी सांगितलंच नाही. रोह्याला सगळ्यांच्या लेखी ते अजून इस्पितळातच होते. का सांगितलं नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, एवढं सगळं फोनवर कसं समजवायचं. थोड्या वेळाने म्हणाले, विसरलो. मग म्हणाले, "तिला काय दाखवू, ते सांगा."

"आहे ते दाखवा," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते!

चाची आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावरून ओढणी, डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. माझ्यासाठी रोह्याहून पिशवीभर वाल घेऊन आल्या होत्या. पेणची म्हटल्यावर माझा हात हातात घेऊन बसल्या. "अगो, तू हायस म्हनून बरा. हे तर फोनवर काय बोलतच नाय."

नव्या नाटकाची रंगीत तालीम होती, दुपारची. कामगारांच्या घरच्या माणसांना त्या दिवशी प्रेक्षागृहात बसायला देत. चाचा मात्र चाचींना मागूनच घेऊन आले, ट्रकच्या दारातून. मी बोळात भेटले. चाची भिंतीला हात लावत, नंबर घातलेल्या खोल्या बघत येत होत्या. मेकअपची दोन माणसं पांढरे कोट घालून घाईघाईने गेली. ढकलगाडीवर झाकलेलं काहीतरी गेलं. त्यात माझे गाउन होते. कुठल्याशा खोलीत एक गायिका आवाज मोकळा करत होती.

चाची माझ्या कानाशी म्हणाल्या, "मोठा हाय गो इस्पितळ. आत कोन रडते बिचारी?"

मी चाचांकडे पाहिलं. चाचा छताकडे बघत होते. बोलावं का न बोलावं, आणि बोलायचं तर काय, या विचारात मी असतानाच आंटीने मला हाक मारली आणि मी गेले.

तालीम सुरू झाली. मी शेवटच्या अंकासाठी एक झगा हातावर घेऊन विंगेत गेले, तेव्हा चाची चाचांच्या स्टुलावर बसल्या होत्या. चाचा टेबलापाशी, नेहमीसारखे पाठ करून उभे. त्या नाटकात शेवटी एक तरुण बाई एकटीच मरते. गाता गाता तिचा आवाज बारीक होतो, ती खाली बसते, मग पडते. त्यानंतर थोडा वेळ रंगमंचावर कुणीच येत नाही, नुसती वाद्यं वाजत राहतात. गाणारी पोरगी लहानखुरी होती, विशी-पंचविशीची. ती पडली. वाद्यं हळूहळू वाजायला लागली.

"अगो, पडली गो," चाची म्हणाल्या.

मला वाटलं, कळलंय त्यांना. त्या इकडे तिकडे बघायला लागल्या. आम्ही सगळे जिथल्या तिथे उभे होतो; पडदेवाला, दिवेवाला, मी. कुणी जागचं हलत नव्हतं. "अगो, कुनी बघा ना तिला!" असं म्हणून चाची उठल्या आणि दुखऱ्या गुडघ्याने लंगडत सरळ त्या उजेडात चालत गेल्या.

माझ्या हातात झगा होता. मी तो टाकून त्यांना धरायला हवं होतं, एवढं मला समजत होतं. पण पाय उचलेना. चाचांची पाठ होती. त्यांना पत्ताच नव्हता.

चाचींनी खाली बसून त्या पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. गालावर हात फिरवला, हाक मारली. पोरीने डोळे किलकिले करून पाहिलं असावं, पण ती मेलेलीच राहिली. तिलाही काय करावं ते सुचलं नसेल. चाचींनी मान वर करून समोरच्या काळोखाकडे पाहिलं, बहुतेक डॉक्टर शोधत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या ओढणीचं टोक त्या पोरीच्या तोंडावरून ओढलं, दोन्ही हात उघडे धरले आणि ओठांतल्या ओठांत पढायला लागल्या. वाजवणारे थांबले नाहीत. समोर प्रेक्षागृहात कुणीतरी मुसमुसल्याचं मला ऐकू आलं. चाचांनाही ते ऐकू गेलं असावं, कारण ते वळले. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून प्रयोग चालू असताना ते पहिल्यांदाच वळत होते. त्यांनी रंगमंचाकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातली बाटली तशीच राहिली.

पडदा पडला. ती पोरगी उठून बसली, खोकली, हसली, तिने चाचींना मिठी मारली आणि मग सवयीने चाचांकडे हात केला. चाचांनी बाटली दिली. ती गटागटा पाणी प्यायली.

चाची तिच्याकडे बघत राहिल्या. "ही जिती हाय?"

"व्हय गो," चाचा म्हणाले. "नाटक हाय."

"मंग इस्पितळ कुठं हाय?"

तेवढ्यात दिग्दर्शक धावत आला. आम्हाला वाटलं, आता नोकरी गेली. तर तो आंटीला विचारत होता की ही बाई उद्याच्या प्रयोगाला येईल का. त्याला ते फार आवडलं होतं. चाचींनी विचारलं, हा काय बोलतो? चाचा म्हणाले, "तू छान केलंस, बोलतो."

"काय केलं मी?"



मी त्यांना आमच्या कपड्यांच्या खोलीत नेऊन बसवलं. चारी बाजूंनी झगे टांगलेले, मधे चाची स्टुलावर, समोर चाचा उभे. मला एका गाउनचा उसवलेला काठ लगेच शिवून द्यायचा होता, म्हणून मी तिथेच सुई घेऊन बसले. खरं तर मला निघून जायचं होतं. पण दाराकडे जायची वाट त्या दोघांच्या मधून होती.

चाची अगदी हळू म्हणाल्या, "पोरगी गेली तवा तुमी हितंच व्हतात?"

चाचांनी होय म्हणून मान हलवली.

"ताप चढला, तिसऱ्या दिवशी गेली. मातीला तुमी पोचला नसतात, ते मला कळतं. मंग नंतर या बोलले. तुमी काय बोललात? स्टोअर सोडता येत नाय, आजारी लोकांची औषधं अडतील. म्हनून मी काय नाय बोलले. मी सगळ्यांना सांगितलं, त्यांच्या हातात लोकांचे जीव हायत." त्यांचा आवाज चढला. मी त्यांना चाचांशी अरे-तुरे करताना त्याआधी ऐकलं नव्हतं. "कुनाची औषधं रे? सांग ना. कुनाची औषधं अडली व्हती?"

चाचांच्या हातात कुठलातरी पुठ्ठ्याचा मुकुट होता. तो ते फिरवत होते.

"सुट्टी नाय दिली यांनी?"

"देत व्हते. सायब स्वता तिकीट काढतो बोलला."

"मंग?"

"मला कळलं नाय गो," चाचा म्हणाले. "मी टेबल मांडत व्हतो. आज जातो, उद्या जातो. रोज टेबल मांडायला यायचो. मला अजून कळत नाय."

मला त्यांचा राग आला. आणि त्याच वेळी असंही वाटलं की हा माणूस खोटं बोलत नाहीये, याला खरंच माहीत नाही. या दोन गोष्टींचा मेळ मला तेव्हा घालता आला नाही. माझ्या हातून काठ उलटाच शिवला गेला.

चाची ठरल्या दिवसाआधीच परत गेल्या. आम्ही नवरा-बायको त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. चाचा आमच्या गाडीत मागे बसले होते, पण त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. निघताना मला म्हणाल्या, "त्यांना जेवान देत जा गो. भाकरी करतात, भाजी करत नाय."

त्यानंतर चाचांनी स्टूल फिरवलं. रंगमंचाकडे तोंड करून बसायला लागले. आम्हाला आधी वाटलं, बरं झालं. पण ते बघत बसायचे आणि दिवा लागलेला त्यांना कळायचा नाही. तलवारीच्या जागी फुलं जायची, पेल्याच्या जागी काहीच जायचं नाही. गोष्टी सांगणंही थांबलं. मी मुद्दाम विचारलं, "चाचा, ही कुठली?" तर म्हणाले, "कुनाला ठाव, वैनी. मला यातला काय समजत नाय." एक दिवस राजा हात पुढे करून उभा राहिला आणि हे त्याच्याकडे नुसते बघत राहिले. त्याच आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. निरोप द्यायला मागच्या दाराने आले. चहा घेतला, कप विसळला, "येतो" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या हिवाळ्यात मी पेणला आले होते. म्हटलं, एक दिवस रोह्याला जाऊन यावं. गाडी कासू, नागोठणे, निडी घेत निवांत चालली होती आणि मी मनाशी ठरवत होते की काय बोलायचं. काहीच ठरलं नाही.

घर सापडलं. चाचा ओटीवर वाल सोलत बसले होते. पांढरा सदरा घातलेला, मला क्षणभर ओळखू आले नाहीत. चाचींनी आत बोलावलं, चहा टाकला. दोघं एका खोलीत, पण बोलणं माझ्यामार्फत.

"त्यांना इचार, साखर किती?"

"वैनी, तिला सांगा, नेहमीची."

असं चाललं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गुडघा तसाच आहे, पुलापलीकडे नव्या इमारती झाल्या, सगळं झालं. मग चाची मला म्हणाल्या, "त्यांना इचार, येऊन वरीस झाला. अजून गेले का तिकडं?"

कुठे, ते मला विचारावं लागलं नाही. चाचा सोललेले वाल एका ताटातून दुसऱ्या ताटात ओतत होते.

"वैनी, तिला सांगा, मला जागा ठाव नाय."

"कुनालापन इचारता आली असती, सांग त्यांना."

"काय इचारू? माज्या पोरीला कुठं ठेवली, असं लोकांना इचारू?"

मी कुणाचं कुणाला सांगू? दोघांनीही ऐकलेलं होतं. चाचींनी कप उचलून मोरीत ठेवले, खुंटीवरची ओढणी घेतली आणि दारात उभ्या राहिल्या.

"चल," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत.

आम्ही तिघं निघालो. चाची पुढे, लंगडत. चाचा चार पावलं मागे. वाटेत कुणीतरी सलाम केला, तो चाचांनी घेतला का नाही ते मला दिसलं नाही. कब्रस्तान गावाच्या कडेला होतं, छातीएवढी चिऱ्याची भिंत, आत गवत आणि दोन-तीन चाफे. त्यांच्याकडे बायका आत जात नाहीत. चाची भिंतीशी थांबल्या. दगड घासून गुळगुळीत झालेल्या एका जागी त्यांनी हात ठेवले. ती जागा त्यांची रोजची असावी.

"जा. मी हितून सांगते."

चाचा फाटकातून आत गेले. गवतात थोडं चालले आणि एका ठिकाणी थांबून त्यांनी मान खाली घातली.

"तो माजा मामा!" चाची ओरडल्या. "फुडं जा. फुडं. आता उजवीकडं."

ते वळले.

"तुजा उजवा नाय, माजा उजवा! हां. अजून. त्या चाफ्याला सोड. अजून दोन पावलं. मागं नको जाऊ. हां, तिथं. तीच."

चाचा उभे राहिले. तिथे फारसं काही नव्हतं. मातीचा लहानसा उंचवटा, कडेने लावलेले दगड, त्यावर वाळलेली पानं. त्यांनी चपला काढल्या. वळून आमच्याकडे, भिंतीकडे पाहिलं.

"पढू?" त्यांनी तिथून विचारलं.

"पढ ना."

ते हात उघडून उभे राहिले. चाचींचे ओठही हलत होते. मी बाजूला सरकून उभी राहिले. थोड्या वेळाने चाचांनी तोंडावरून हात फिरवले, पण तिथून हलले नाहीत. एक पाय उचलला, परत ठेवला. पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"मंग आता काय करू गो?"

चाचींनी ओढणी सारखी केली.

"काय नाय करायचं," त्या म्हणाल्या. "बस तिच्याजवल."

चाचा खाली बसले.